मोडके स्थानक आणि कॅप्टन कॉनरॅड



२०२५ च्या जून महिन्यात ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर पोहोचले. तेव्हापासून तुमच्यापैकी बरेच जण भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडताना मला गाठतात आणि अंतराळाविषयी विचारतात. राकेश शर्मा १९८४ साली सॅल्यूट-७ वर राहून आले, हे तुम्हाला पाठ आहे. भारताचे स्वतःचे स्थानक २०३५ पर्यंत उभारायचे ठरले आहे, हेही माहीत आहे. पण प्रश्न मात्र बहुतेक रॉकेटचेच असतात. इंजिने किती, जोर किती, वेग किती. वर पोहोचल्यावर तिथले घर चालवायचे कसे आणि त्यात काही मोडले तर दुरुस्त कोणी करायचे, हे सहसा कोणी विचारत नाही. मराठी पानासाठी या वेळी एखादे चरित्र द्या, असे सांगणे आले, तेव्हा या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस मी निवडला.

त्याचे नाव चार्ल्स कॉनरॅड. सारे जग त्याला पीट म्हणत असे. चंद्रावर चाललेला तो तिसरा माणूस. पण चंद्राचा भाग मी थोडक्यात आटोपणार आहे, आणि त्याला कारण आहे. चंद्रावरून आल्यानंतरही हा माणूस आयुष्यभर अभिमानाने सांगत राहिला तो १९७३ सालच्या २८ दिवसांविषयी. ते दिवस त्याने पृथ्वीपासून अवघ्या ४३५ किलोमीटरवर, एका मोडक्या स्थानकात काढले होते.

पीटचा जन्म २ जून १९३० रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. घराणे श्रीमंत होते, पण महामंदीत पैसा गेला आणि पुढे राहता वाडाही गेला. वडील घर सोडून निघून गेले. त्यात मुलाला अक्षरे नीट लागत नसत. आज आपण त्याला डिस्लेक्सिया म्हणतो आणि त्यावर उपाय करतो. तेव्हा अशा मुलाला आळशी नाहीतर मंद म्हणून मोकळे होत. अकरावीत पीट जवळजवळ सगळ्या विषयांत नापास झाला आणि त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले.

हे पान पालकही वाचतात, म्हणून पुढचे जरा सावकाश सांगतो. आईने हार मानली नाही. तिने न्यू यॉर्क राज्यातली डॅरो नावाची लहानशी शाळा शोधली. तिथल्या मुख्याध्यापकांनी या मुलाला अभ्यासाची वेगळी रीत शिकवली. पान नुसते वाचत जायचे नाही, तर गोष्ट कशी जोडलेली आहे, कशामुळे काय होते, हे पाहत जायचे. एखादे यंत्र समजून घ्यावे तसा विषय समजून घ्यायचा. पीटने अकरावीचे वर्ष पुन्हा केले आणि तिथून मात्र त्याची गाडी रुळावर आली. उंची जेमतेम साडेपाच फूट, अंगाने सडपातळ, तरी तो शाळेच्या फुटबॉल संघाचा कर्णधार झाला. पुढे नौदलाची शिष्यवृत्ती मिळवून तो प्रिन्स्टन विद्यापीठात गेला आणि १९५३ साली विमान अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला.

या सगळ्याच्या आधी, पंधराव्या वर्षापासून, तो सुट्टीत पाओली गावच्या छोट्या विमानतळावर काम करायचा. गवत कापायचे, झाडलोट करायची आणि मोबदल्यात कोणी विमानातून फिरवून आणले तर खूश व्हायचे. हळूहळू तो इंजिने उघडू लागला. सोळा वर्षांचा असताना एक उड्डाण-प्रशिक्षक विमान बिघडून शंभर मैलांवर कुठेतरी उतरले. पीट गाडी घेऊन तिथे गेला आणि त्याने एकट्याने ते विमान दुरुस्त केले. त्या प्रशिक्षकांनी मग त्याला उडायला शिकवले आणि शाळा संपण्याआधीच त्याला वैमानिकाचा परवाना मिळाला. चरित्रकार हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगतात. मला तर त्यात पुढचा सगळा माणूस दिसतो. मोडलेल्या यंत्राकडे तो आपणहून चालत जाणारा होता.

आता त्यांच्या खांद्यावर नौदलाच्या पट्ट्या आल्या, तेव्हा इथून पुढे मी त्यांना अहो-जाहो करतो. विमानवाहू जहाजांवर उतरणारे वैमानिक, मग १९५८ साली पॅटक्सन्ट रिव्हर इथल्या टेस्ट पायलट शाळेचे पदवीधर, मग तिथेच शिक्षक. याच काळात अमेरिकेने पहिल्या अंतराळवीरांची निवड सुरू केली आणि कॉनरॅड यांनाही बोलावणे आले. निवडीत आठवडाभर वैद्यकीय तपासण्या होत्या. त्यातल्या काही लाजिरवाण्या होत्या आणि काहींना काही अर्थच नव्हता, असे त्यांचे स्पष्ट मत झाले. त्यांनी ते लपवले नाही. मानसोपचारतज्ज्ञाने कोरा पांढरा कागद दाखवून यात काय दिसते असे विचारले, तेव्हा त्यांनी कागद उलटा धरला आहे असे सांगितले. परिणाम व्हायचा तोच झाला. दीर्घ मुदतीच्या उड्डाणांसाठी हा माणूस योग्य नाही, असा शेरा मारून त्यांना परत पाठवण्यात आले. हा शेरा ध्यानात ठेवा.

तीन वर्षांनी, १९६२ साली, दुसऱ्या तुकडीसाठी त्यांनी पुन्हा अर्ज केला आणि ते निवडले गेले.

त्यांचे पहिले उड्डाण ऑगस्ट १९६५ मधले जेमिनी-५. सोबत गॉर्डन कूपर. जेमिनीची कोठी म्हणजे लहान मोटारीच्या पुढच्या दोन जागा समजा. हात पूर्ण पसरता येत नाहीत, उभे राहता येत नाही. तशा जागी दोघे आठ दिवस राहिले आणि सर्वांत लांब उड्डाणाचा सोव्हिएत संघाचा विक्रम त्यांनी मोडला. दीर्घ मुदतीसाठी अयोग्य ठरलेल्या माणसाची ही पहिली कामगिरी.

दुसरे उड्डाण सप्टेंबर १९६६ मधले जेमिनी-११. कॉनरॅड आणि डिक गॉर्डन १,३६९ किलोमीटर उंचीपर्यंत गेले. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत माणसांनी गाठलेल्या उंचीचा तो विक्रम २०२४ पर्यंत टिकला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. गॉर्डन यानाबाहेर पडले ते जोडलेल्या दुसऱ्या यानाला एक दोर बांधण्यासाठी. जमिनीवर काही मिनिटांत होणारे काम. तिथे पाय टेकायला जागा नव्हती. हाताने जोर लावला की सारे शरीरच उलट्या दिशेला जाई. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही परीक्षेत लिहिता. गॉर्डन यांना तो घामाने भरलेल्या डोळ्यांनी शिकावा लागला. दोर बांधला गेला, पण ते इतके थकले की पुढची कामे सोडून कॉनरॅड यांनी त्यांना आत बोलावून घेतले. पायाला आधार नसेल तर अंतराळात ताकद कुचकामी ठरते, हे कॉनरॅड यांनी हातभर अंतरावरून पाहिले. सात वर्षांनी त्यांना हेच आठवायचे होते.

चंद्राचे आता चार ओळींत सांगतो. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो-१२ भर पावसात उडाले आणि पहिल्या मिनिटातच त्यावर दोनदा वीज कोसळली. यानातले इशाऱ्याचे दिवे एकदम पेटले. जमिनीवरचे तरुण अभियंते जॉन आरन यांनी नेमके कोणते बटण फिरवायचे ते सांगितले, यानातले अॅलन बीन यांना ते बटण कुठे आहे हे माहीत होते आणि मोहीम वाचली. पाच दिवसांनी कॉनरॅड यांनी आपले यान अडीच वर्षांपूर्वी तिथे उतरलेल्या सर्व्हेअर-३ या यंत्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर उतरवले. त्या यंत्राचा कॅमेरा काढून ते घरी घेऊन आले. चंद्रावर जाऊनही या गृहस्थांनी पाना-कात्रीचे काम शोधलेच.

त्यानंतर उरलेल्या चंद्रमोहिमांतल्या शेवटच्या काही रद्द झाल्या. चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाला आता पृथ्वीजवळच्या कक्षेत फिरणे कमीपणाचे वाटले असते तर नवल नव्हते. कॉनरॅड यांनी मात्र स्कायलॅबची जबाबदारी मागून घेतली.

स्कायलॅब हे नाव तुमच्या आजी-आजोबांना विचारा. १९७९ च्या जुलैमध्ये ते खाली कोसळणार म्हणून आपल्या देशातही किती घबराट होती, ते सांगतील. शेवटी तुकडे पडले ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. आपल्याकडे स्कायलॅब म्हणजे आकाशातून पडलेली वस्तू, एवढीच ओळख राहिली. ती वर कशी राहिली, ही गोष्ट राहून गेली.

अमेरिकेचे हे पहिले अंतराळस्थानक. त्याआधी १९७१ साली सोव्हिएत संघाने सॅल्यूट-१ हे जगातले पहिले स्थानक सोडले होते. त्यावर दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह हे तिघे २३ दिवस राहिले. परत येताना यानातली एक झडप अवेळी उघडली, हवा निघून गेली आणि तिघेही मरण पावले. म्हणजे स्थानकावर राहून जिवंत घरी परतलेला एकही माणूस तोवर जगात नव्हता.

स्कायलॅबचे मुख्य घर म्हणजे सॅटर्न रॉकेटच्या वरच्या टप्प्याची रिकामी टाकी. हायड्रोजन भरायच्या जागी दोन मजली घर, आणि खालच्या ऑक्सिजनच्या टाकीत कचरा. वजन ७५ टनांच्या आसपास. जमीन जाळीची होती, तिच्यात त्रिकोणी भोके, आणि बुटांच्या तळाला तसेच त्रिकोणी खुंट, म्हणजे पाय अडकवून उभे राहता यावे. गॉर्डन यांच्या घामातून आलेले हे शहाणपण. स्नानाची सोय होती, भिंतीला उभ्या टांगलेल्या झोपायच्या पिशव्या होत्या, व्यायामाची सायकल होती. बाहेरून साऱ्या घराला पातळ अॅल्युमिनियमचे कवच गुंडाळले होते. उल्कांच्या बारीक कणांपासून रक्षण आणि उन्हापासून सावली, अशी दोन्ही कामे त्याच्याकडे होती. दोन बाजूंना मिटलेले दोन सौरपंख. कक्षेत गेल्यावर ते उघडायचे आणि वीज सुरू व्हायची.

१४ मे १९७३ रोजी स्थानक उडाले, माणसांशिवाय. तीन अंतराळवीर दुसऱ्या दिवशी जायचे होते. कॅप्टन कॉनरॅड, नौदलाचे डॉक्टर जोसेफ केर्विन आणि नौदलाचेच वैमानिक पॉल वाइट्झ. उड्डाणानंतर सुमारे ६३ सेकंदांनी ते कवच उचकटले आणि फाटून गेले. जाताना एक सौरपंख सैल करून गेले, आणि काही मिनिटांत तोही उडून गेला. दुसऱ्या पंखावर कवचाची एक पट्टी अडकली, त्यामुळे तो मिटलेलाच राहिला.

चौकशी समितीला पुढे काय सापडले ते ऐकण्यासारखे आहे. कवच टाकीला घट्ट चिकटून बसेल, असे सहा वर्षे सर्वांनी धरून चालले होते. ते तसे बसले नव्हते. त्याखाली हवेचा दाब साठला आणि बाहेरच्या वेगवान वाऱ्याने त्याची कड उचलली. कवच म्हणजे केवळ एक पत्रा, त्यात काय बिघडणार, म्हणून त्या भागासाठी वेगळा जबाबदार अभियंतासुद्धा नेमला नव्हता. परेडच्या आदल्या रात्री ज्या गोष्टीला कोणी हात लावत नाही, तीच सकाळी तुटते, हा अनुभव तुम्हालाही असेल.

आता वर काय परिस्थिती होती पाहा. सावली नाही, त्यामुळे घरातले तापमान ५० अंश सेल्सियसच्या वर. अन्न, औषधे आणि फिल्म खराब होण्याची भीती, भिंतीतल्या फोममधून विषारी वायू सुटण्याची भीती. वीज ठरलेल्याच्या जेमतेम निम्मी, तीही दुर्बिणीच्या भागावरच्या वेगळ्या चार पंखांची. घर थंड ठेवायला उन्हाकडे पाठ करावी तर वीज जाई, वीज मिळवायला तोंड करावे तर घर तापे. नियंत्रण कक्षातले लोक अकरा दिवस रात्रंदिवस स्थानक थोडे इकडे, थोडे तिकडे कलते करत बसले.

तिघांचे उड्डाण पुढे ढकलले गेले. ह्यूस्टनच्या कार्यशाळेचे प्रमुख जॅक किन्झलर यांनी दुकानातून एकात एक जाणाऱ्या मासेमारीच्या काठ्या आणवल्या आणि त्यांवर कापड बांधून छत्रीचा नमुना करून दाखवला. स्थानकाच्या भिंतीत प्रयोगाची उपकरणे बाहेर काढण्यासाठी सुमारे वीस सेंटिमीटरचे एक चौकोनी तोंड होते, तेही नशिबाने उन्हाच्या बाजूला. त्यातून मिटलेली छत्री बाहेर सारायची आणि बाहेर गेल्यावर ती उघडायची. माणसाला बाहेर पडावेच लागणार नव्हते. दोन अब्ज डॉलरहून जास्त खर्चाच्या स्थानकाला हा उपाय सुचला तो गळाच्या काठ्यांवरून! कार्यशाळेत शिकणाऱ्या कॅडेट्सनी किन्झलर यांचेही नाव लक्षात ठेवावे.

२५ मे १९७३ रोजी तिघे निघाले. यानाच्या प्रत्येक कोपऱ्यात कात्र्या, आकडे, दांडे, दोर आणि घडी घातलेली छत्री. पोहोचल्यावर कॉनरॅड यांनी स्थानकाभोवती फेरी मारली. पंख किंचित उघडलेला होता आणि एक लहानशी पट्टी त्याला आवळून बसली होती. जोर लावला तर निघेल, असे वाटत होते. मग तिघांनी पोशाख चढवले, यानातली हवा काढली आणि दार उघडले. वाइट्झ लांब आकडा घेऊन दारातून कमरेपर्यंत बाहेर उभे राहिले, केर्विन यांनी त्यांचे पाय धरले आणि कॉनरॅड यान स्थिर ठेवत राहिले. आकडा ओढला की पंख हलायचा नाही, यानच स्थानकाकडे खेचले जायचे. पुन्हा तिसरा नियम. त्या वेळी तिघांच्या तोंडून जी भाषा बाहेर पडली, ती या मासिकात छापता येणार नाही. कॉनरॅड यांची जीभ तशीही सरळ नव्हती. त्यांचे अनुकरण करायचेच तर दुसऱ्या गोष्टींत करावे.

पट्टी निघाली नाही. मग स्थानकाला जोडायला गेले तर जोडणीही होईना. यानाच्या नाकावर एक सुळका असतो. तो समोरच्या शंकूत शिरला की टोकाच्या तीन खिट्ट्या अडकतात. सुळका मग आत ओढला जातो आणि कडेच्या बारा मोठ्या खिट्ट्या बसतात. त्या तीन लहान खिट्ट्या अडकायलाच तयार नव्हत्या. पुन:पुन्हा प्रयत्न झाले. जमले नसते तर मोकळ्या हातांनी परत फिरावे लागले असते. शेवटचा एक उपाय पुस्तकात होता. पुन्हा पोशाख, पुन्हा हवा बाहेर, बोगद्याचे झाकण उघडून सुळक्याच्या तारांत बदल करायचा, आणि लहान खिट्ट्या वगळून यान थेट स्थानकावर दाबत न्यायचे. म्हणजे सुळक्याने धरून ठेवलेले नसताना, केवळ उड्डाणाच्या कौशल्यावर, दोन तोंडे तंतोतंत जुळवायची. ते जुळले. बारा खिट्ट्या एकामागून एक बसल्या. सकाळपासून सुमारे बावीस तास झाले होते. माझ्या मते त्या मोहिमेतला सर्वांत अवघड क्षण हा होता. पुढच्या अंतराळ-चालीपुढे तो झाकून जातो, एवढेच.

दुसऱ्या दिवशी वाइट्झ तोंडाला मास्क लावून आत गेले आणि विषारी वायू नाही ना, याची त्यांनी तपासणी केली. हवा ठीक होती, फक्त भट्टीसारखी. मोठ्या घरात थोडा वेळ काम करायचे आणि थंड भागात येऊन अंग निववायचे, असे करत कॉनरॅड आणि वाइट्झ यांनी दांड्याचा एकेक तुकडा जोडत छत्री बाहेर सारली. केर्विन यानाच्या खिडकीतून पाहत होते. छत्री उघडली, थोडी सुरकुतलेली, पण उघडली. तापमान उतरू लागले आणि काही दिवसांत घर राहण्याजोगे झाले.

सावली मिळाली, वीज मात्र कमीच होती. वीजघटांवर ताण येऊ लागला आणि अडकलेला पंख सोडवल्याशिवाय तीन तुकड्यांचा सारा कार्यक्रम पार पडणार नव्हता. हंट्सव्हिल इथे सुमारे तेवीस मीटर रुंद आणि बारा मीटर खोल पाण्याची टाकी होती. तिच्या तळाशी स्थानकाची प्रतिकृती ठेवून रस्टी श्वाइकार्ट आणि त्यांचे सहकारी पोशाख घालून रीत बसवत होते. वर जे सामान आहे, त्याच लांबीचे दांडे आणि तसलीच कात्री त्यांनी वापरली. ती कात्री विजेच्या खांबांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या हत्यारांतली होती. रीत ठरली, मग ती रेडिओवरून पायरी-पायरीने वर सांगण्यात आली.

७ जून रोजी कॉनरॅड आणि केर्विन बाहेर पडले. ज्या दारातून ते निघाले, ते मूळ जेमिनी यानाच्या दारावरून घेतलेले होते. कॉनरॅड यांना ओळखीचेच. पाच-पाच फुटांचे तुकडे जोडून पंचवीस फुटी दांडा झाला, टोकाला कात्री. केर्विन यांनी ती पट्टीवर बसवायची. पण त्या भागात कोणी काम करील असे आखणाऱ्यांना वाटलेच नव्हते, म्हणून तिथे पाय अडकवायला जागाच नव्हती. एका हाताने स्वतःला धरायचे की दोन्ही हातांनी दांडा धरायचा? बराच वेळ कात्री पट्टीच्या आसपास फिरत राहिली. डॉक्टरांची नाडी चढली. मग त्यांना जवळच एक कडी दिसली. आपला बंध तिच्यातून दुहेरी ओवून त्यांनी तो आखूड केला आणि त्यावर ताण देऊन ते ताठ उभे राहिले. आता दोन्ही हात मोकळे झाले आणि कात्री लगेच बसली. सात वर्षांपूर्वी गॉर्डन यांना जो आधार मिळाला नव्हता, तो दोरीच्या एका फेऱ्याने मिळाला.

कॉनरॅड दांडा धरून हातांवर पुढे सरकले आणि पंखापर्यंत गेले. पट्टी कापली गेली. पण थंडीने पंखाचा सांधा आखडला होता, पंख थोडासाच हलला. त्यासाठी आधीच बांधलेला एक दोर होता. कॉनरॅड त्या दोराखाली शिरले, दोर खांद्यावर घेतला आणि पाय टाकीला रोवून उभे राहिले. केर्विनही ओढू लागले. एकदम सांधा सुटला आणि दोघेही स्थानकापासून दूर भिरकावले गेले, आपापल्या बंधाच्या टोकापर्यंत. सावरून मागे वळून पाहिले तेव्हा पंख पूर्ण उघडला होता. बाहेर सुमारे साडेतीन तास गेले होते. स्थानकात वीज वाढू लागली.

त्यानंतरचे दिवस रोजच्या कामाचे. सूर्याची छायाचित्रे, पृथ्वीची निरीक्षणे, सायकलवर व्यायाम, आणि केर्विन यांच्याकडून नियमित वैद्यकीय तपासण्या, ज्या कॉनरॅड यांनी या वेळी निमूट करून घेतल्या. १९ जूनला आणखी एकदा बाहेर पडावे लागले. एका वीजघटाचे चार्जिंग बंद पडले होते आणि त्यातला खटका अडकला असावा, असा जमिनीवरच्या अभियंत्यांचा अंदाज होता. उपाय काय? कॉनरॅड यांनी ठरलेल्या जागी हातोडीचा ठोका मारला. वीजघट सुरू झाला. इतका साधा उपाय सुचवायला आणि करायला दोन्हीकडे धीट माणसे लागतात.

२२ जून १९७३ रोजी, २८ दिवसांनी, तिघे पॅसिफिक महासागरात सुखरूप उतरले. अंतराळस्थानकावर राहून जिवंत परतलेले हे पहिले. त्यांनी सोडवलेल्या पंखाच्या विजेवर दुसरी तुकडी ५९ दिवस राहिली आणि तिसरी ८४ दिवस. दुसऱ्या तुकडीचे प्रमुख होते अॅलन बीन, टेस्ट पायलट शाळेतले कॉनरॅड यांचे विद्यार्थी. जुन्या छत्रीवर आणखी एक मजबूत छत त्यांच्या तुकडीने बसवले.

त्याच वर्षी कॉनरॅड नौदलातून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या हस्ते त्यांना काँग्रेशनल स्पेस मेडल ऑफ ऑनर मिळाले, ते स्कायलॅब वाचवल्याबद्दल. पुढे मॅकडोनेल डग्लस कंपनीत ते डीसी-एक्स या रॉकेटच्या कामात होते. सरळ वर जाऊन पुन्हा सरळ खाली शेपटीवर उतरणारे ते प्रायोगिक रॉकेट होते. १९९३ मध्ये त्याची उड्डाणे सुरू झाली, तेव्हा जमिनीवरून ते चालवणाऱ्यांत साठी ओलांडलेले कॉनरॅड होते. आज रॉकेट परत येऊन उतरते तेव्हा तुम्ही मोबाइलवर टाळ्या वाजवता. त्या वाटेवरचे हे एक पाऊल.

८ जुलै १९९९ रोजी कॅलिफोर्नियातील ओहाय गावाजवळ मोटारसायकलच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय ६९ होते. आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी सन्मानाने निरोप देण्यात आला. त्या दिवसांत वर कक्षेत आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाचे पहिले दोनच भाग, झार्या आणि युनिटी, एकमेकांना जोडलेले फिरत होते. त्यांत अजून कोणी राहायला गेले नव्हते. पहिली तुकडी नोव्हेंबर २००० मध्ये पोहोचली.